पणजीची चार वाजताची भूक

आमच्या सदलग्याकडे दुपारी जी बाई आडवी होते ती एक तर आजारी असते, नाही तर बाळंतीण. धडधाकट बाईने भर दिवसा डोळा मिटला तर त्याची चर्चा पार विहिरीपर्यंत जाते. अशा गावातून उठून मी पणजीला गेले. तिथे गव्हर्नरपासून हमालापर्यंत सगळे जेवून झोपतात आणि त्याची कुणाला लाज वाटत नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे पहिले काही महिने सुखात गेले असते.

लग्न होऊन मी सदलग्याजवळच्या एका जैन शेतकरी घरात आले. तीन भावांतला माझा नवरा धाकटा. कारभार सगळा थोरल्या दिरांच्या हातात, त्यांना सारं घर अण्णा म्हणायचं. ऊस, गुऱ्हाळ आणि मिरचीचा व्यापार असं घर होतं. सासरी मला छळ नव्हता, खोटं कशाला बोलू. पण चूल माझी नव्हती. आमटीत मीठ किती घालायचं हे थोरली जाऊ ठरवायची आणि मी नुसती जाळ घालायची. मला स्वयंपाक चांगला यायचा आणि तो येतो हे मला माहीत होतं. ज्याला आपलं काम येतं त्याला दुसऱ्याच्या चुलीपुढे बसून राहणं किती जड जातं ते ज्याचं त्यालाच कळतं.

आमची मिरची आणि गूळ बेळगावहून आगगाडीने गोव्यात जायचा. तो उतरवून घ्यायला पणजीत घरचं माणूस असावं असं अण्णांच्या मनात आलं आणि त्यांनी माझ्या नवऱ्याला जायला सांगितलं. मी नवऱ्याच्या मागे लागले. पणजी म्हणजे पोर्तुगीजांची राजधानी. कचेरी तिथे, कोर्ट तिथे, मोठा दवाखाना तिथे. घाटावरची आपली माणसं कामासाठी जातात आणि मासळीच्या वासाने उपाशी परत येतात. आपण तिथे भाकरीची खानावळ घालू. नवरा बिचारा घाबरत घाबरत अण्णांपुढे उभा राहिला.

अण्णांनी बराच वेळ अडकित्ता चालवला आणि मग म्हणाले, "घाला. मी न्हाय म्हनत न्हाय. पर दिवाळीला मी सोता येऊन बघनार. पंगतीत परकी मानसं बसलेली दिसली तर ऱ्हावा तिथंच. न्हाय तर गठुडं बांधायचं आनि माझ्यासंगं माघारी यायचं. आनि एक ध्येनात ठेवा. चूल दिवस मावळायच्या आत इझली पायजे."

ही शेवटची अट नवी नव्हती. आम्ही जैन माणसं दिवस मावळल्यावर जेवत नाही आणि रांधतही नाही. जन्मापासूनचं वळण, त्यात मला काही अवघड वाटलं नाही. मी त्याच रात्री थाळीपिठाची भाजणी निवडायला घेतली.

चिकोडी रोडला गाडी धरली. बेळगाव मागे पडलं, खानापूरचं रान लागलं, मग घाट. कुळ्याच्या नाक्यावर पोर्तुगीज जकातवाल्याने आमचे डबे उघडायला लावले. चटणीच्या डब्यात काय आहे ते त्याला समजेना. मी तोंडाने सांगत होते, तो ऐकत नव्हता. शेवटी त्याने डबा नाकाशी नेला आणि दीर्घ श्वास घेतला. त्यानंतर त्याने आमचं एकही गाठोडं तपासलं नाही.

पणजी बघून मला आधी रागच आला. एवढी रुंद नदी आणि एवढं स्वच्छ गाव, पण कुणी ओरडत नाही. निपाणीच्या बाजारात आवाज चढवला नाही तर माल खपत नाही. इथे मासळीवाल्या बायका सोडल्या तर सगळे हळू बोलायचे आणि भेटल्यावर टोपी उचलायचे. पिवळी, निळी घरं, लाल कौलं, दारासमोर बसायला दगडी सोपे. टेकडीवर पांढरं शुभ्र देऊळ, म्हणजे त्यांचं चर्च, आणि त्याला चढायला नागमोडी पायऱ्या. घरात कोंकणी, कचेरीत पोर्तुगीज आणि हिंदूंच्या देवळातल्या कीर्तनात मराठी. भाषांचं मला नवल वाटलं नाही, कारण आमच्याकडेही घरात मराठी आणि बाजारात कन्नड चालतंच. नवल वाटलं ते या गावाला कसलीच घाई नव्हती याचं.

नदीपासून दोन गल्ल्या आत एक लांबट खोली मिळाली. शेजारी एक ख्रिश्चन बाई शिवणकाम करायची. अंगाने आडवी, केस पांढरे, आणि पायाने यंत्र चालवताना तोंडाने गाणं चालू. मी तिला आक्का म्हणू लागले आणि ती मला बाये म्हणू लागली. पहिल्या दिवशी आमचं संभाषण एवढंच झालं.

खानावळ सुरू झाली. दुपारी घाटावरचे दोन गाडीवान, कधी एखादा कोर्टात आलेला चंदगडचा म्हातारा. ती माणसं आपली होती, जेवून ढेकर देऊन जायची. पण अण्णांनी सांगितलेली परकी माणसं कुठे होती? दुपारी जेवणं आटोपली की मी दार सताड उघडं टाकून वाट बघायची. रस्त्यावर कुत्रंही नसायचं. दुकानांना फळ्या, खिडक्या बंद. मला वाटलं कुणीतरी मोठं माणूस गेलं असावं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मी म्हटलं, रिकामं कशाला बसा, आणि भर दोन वाजता उखळात मिरच्या कांडायला घेतल्या.

आमच्याकडे मुसळाचा आवाज म्हणजे घर कामाला लागल्याचा आवाज. पणजीत काय झालं म्हणता? पहिल्यांदा वरची खिडकी उघडली. मग समोरची. मग मिरचीची धूळ गल्लीत पसरली आणि गल्ली शिंकायला लागली. झोपेतून उठलेली, शिंकणारी, डोळे पुसणारी माणसं खिडक्याखिडक्यांतून डोकावत होती. आक्का झोपायच्या झग्यावरच बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बाये, तुका पिशें लागलां गो?" म्हणजे, तुला वेड लागलंय का. मग तिने दोन्ही तळहात जोडून गालाखाली धरले, डोळे मिटले, आणि अख्ख्या गल्लीकडे बोट दाखवलं. सगळे झोपलेत, म्हणाली. चार वाजेपर्यंत सगळे.

"दिवसा?" मी विचारलं.

"मग कधी?" ती म्हणाली.

मी मुसळ खाली ठेवलं. संध्याकाळी कळलं ते आणखी वाईट होतं. उन्हं कलली की ही माणसं धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून नदीकाठी फिरायला निघायची. बागेत बँड वाजायचा. दिवे लागल्यावर पणजीला भूक लागायची आणि त्याच वेळी मी राखेवर पाणी ओतत असायची. गाव जागं तेव्हा माझी चूल विझलेली आणि माझी चूल पेटलेली तेव्हा गाव झोपलेलं. खानावळ चालवायला याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

नवरा चुळबूळ करायला लागला. "दिव्यात जरा चूल चालू ठिवू या का गं? अण्णांस्नी कोन सांगालंय?"

मला त्याचा राग आला आणि कीवही आली, कारण तेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. "अण्णांसाठी न्हाय," मी म्हटलं. "माझ्यासाठी. चूल माझी हाय तर नेम बी माझाच." बोलायला मोठं वाटलं, पण पाट रिकामेच राहायचे. दिवाळीला गाठोडं बांधून पुन्हा जावेच्या चुलीपुढे जाळ घालायला बसायचं, हे चित्र मला रोज दिसायचं. पावसाळा लागला तरी काही बदललं नाही. उलट घाटावरची माणसं यायची तीही बंद झाली.

आणि मग ते झालं. आमचं संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत म्हणून मी चारच्या पुढे तवा ठेवायची. त्या दिवशी थाळीपीठ लावलं होतं. कांदा नाही, लसूण नाही. भाजणीत तीळ, ओवा, कोथिंबीर, आमची चटणी, आणि वरून तुपाची धार. बाहेर पाऊस कोसळत होता, त्यामुळे वास वर जाईना, तो सरळ शेजारी गेला. आक्का नुकतीच झोपून उठून चहाचा कप हातात घेऊन सोप्यावर बसली होती. ती कपासकट आत आली.

"कितें गो हें?"

"थाळीपीठ."

"म्हाका एक दी."

मी दिलं. ती उभ्याने खायला लागली, मग बसली, मग दुसरं मागितलं. चहात बुडवून खायला गेली तेव्हा मी तिचा हात धरला आणि दह्याची वाटी पुढे सरकवली. खाऊन झाल्यावर तिने मला जे सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. पणजी झोपून उठते तेव्हा तिला भूक असते, म्हणाली. रात्रीचं जेवण लांब असतं. चहा असतो, पाव असतो, पण तोच तो पाव रोज किती खायचा?

मी तव्याकडे बघत राहिले. जी वेळ आमच्या जेवणाची तीच या गावाच्या जाग येण्याची. गाव झोपून उठलं की चारपासून दिवस मावळेपर्यंत रिकामं असतं आणि माझी चूल नेमकी तेवढा वेळ पेटलेली असते. इतके दिवस ही फट माझ्या नाकासमोर होती. नवरा माल उतरवून भिजत परत आला तेव्हा मी त्याला दारातच सांगितलं, "उद्यापासून दुपारी आपन बी झोपायचं. चारला दार उघडायचं." त्याने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी आक्का आपल्याकडे शिवायला येणाऱ्या दोघींना घेऊन आली. तिसऱ्या दिवशी त्या दोघींचे नवरे आले. मग श्रावण लागला. गोव्यातले हिंदू एरवी मासळीवाचून एक घास गिळत नाहीत, पण सोमवारी आणि श्रावणात मासळी बंद, त्याला ते शिवराक म्हणतात. कचेरीतले कारकून दुपारची झोप काढून, बायकोने करून दिलेल्या शिवराक भाजीला कंटाळून, माझ्या दाराशी यायला लागले. उप्पीट, धपाटे, झुणका, गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आक्काच्या सांगण्यावरून मी खोबऱ्याचीही चटणी वाटायला लागले, पण त्यात तिखट आमचंच. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी यायचं, तरी दुसऱ्या दिवशी तीच माणसं परत यायची. मी पाणी फडक्याने गाळून द्यायची तेही त्यांना फार आवडलं. श्रावण संपला, मासळी परत आली, तरी चारची गर्दी हटली नाही.

मजा म्हणजे त्यांनीच माझा नेम शिकून घेतला. दिवस मावळला की इथे काही मिळत नाही हे गल्लीला पाठ झालं. पोर्तुगीजांच्या कचेरीत बसणारी, कशाचीच घाई नसलेली ती माणसं दारातून सूर्य कुठवर आलाय ते बघून भराभरा घास घ्यायची. पणजीला मी घाई करायला लावली, हे मी आजही कुणालाही ऐकवते.

दिवाळी आली. अण्णा कधी येणार ते कळवलेलं नव्हतं, आणि आले ते दुपारी दोनला.

दार खडाखडा वाजलं. मी चटईवरून उठून केस सावरत कडी काढली. समोर अण्णा. अंगात कोट, हातात छत्री, घामाघूम. त्यांच्या मागे गल्ली सामसूम. माझ्या मागे नवरा तोंड उघडं टाकून घोरत होता. पाट भिंतीला उभे, चूल थंड. त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग चुलीकडे.

"दिवसा झोपा काढालायसा?" आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. नवरा ताडकन उठून बसला. "याच्यासाटनं पाठवलो तुमास्नी? पार मसनात आल्यागत वाटालंय. मानूस न्हाय, कानूस न्हाय. बांध सामान. सकाळच्या गाडीनं निघायचं."

"अण्णा, चार वाजू द्या," नवरा म्हणाला.

"बांध म्हनलो न्हवं?"

आणि माझा नवरा उठून अंथरुणाची वळकटी करायला लागला! त्या क्षणी त्याला चार शब्द सुनवावेत असं वाटलं, पण थोरल्या दिरापुढे बोलायची आमच्यात रीत नव्हती. मी आत गेले, पदर खोचला आणि भाजणी भिजवायला घेतली. आज नेमका पाऊस आला तर? आज नेमकी कुणाच्या घरी जेवणावळ असली तर? दिवाळी आहे, माणसं घरचा फराळ खातील आणि इकडे फिरकणारही नाहीत. अण्णा बाकावर छत्री पायांत धरून बसले होते आणि पुन्हा पुन्हा रिकाम्या गल्लीकडे बघत होते.

चार वाजले. कुणी आलं नाही.

मग समोरची खिडकी उघडली. फळ्या निघाल्याचा आवाज आला. आक्का आली, अण्णांना बघून तिने मान लववली आणि आपल्या नेहमीच्या जागी बसली. तिच्या मागून कचेरीतले दोघे, मग एक मास्तर, मग दवाखान्यात शिकणाऱ्या पोरांचा घोळकाच. फराळाचं गोड खाऊन त्यांच्या तोंडाची चव गेली होती, तिखट पाहिजे, तिखट पाहिजे, असा एकच घोष. पाट भरले, बाकडी भरली. अण्णांच्या बाकावर दोन्ही बाजूंनी माणसं येऊन टेकली आणि त्यांना नमस्कार करून ताटाची वाट बघू लागली. पुढे पुढे अण्णांनाच उठावं लागलं, कारण त्यांच्या जागेवर एकाचं ताट आलं होतं.

दिवाळीच्या दिवसांत सूर्य लवकर बुडतो. अण्णा सकाळपासून उपाशी होते आणि आता जेवले नाहीत तर उद्या सकाळपर्यंत काही नाही. ते दारात जाऊन सूर्य बघून आले. परत जाऊन बघून आले. नवरा घाबरून म्हणाला, "अण्णा, उठवू का कुनाला?"

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरला. "खानाऱ्या मानसाला उठवतेत व्हय रं?"

आणि ते सरळ आत आले, चुलीच्या बाजूला भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मी पदर पुढे ओढून तव्यावरचं थाळीपीठ त्यांच्या ताटात टाकलं. ते खाली मान घालून जेवले. मी दुसरं वाढलं, ते नको म्हणाले नाहीत. तिसऱ्याला त्यांनी स्वतःच ताट पुढे केलं. बाहेरून हाका येत होत्या, नवरा धावत होता, आणि मी एका हाताने घराच्या कारभाऱ्याला आणि दुसऱ्या हाताने पणजीला वाढत होते. एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

दिवस बुडायच्या आत मी चुलीवर पाणी ओतलं. उशिरा आलेले दोघे हात जोडून उद्या येतो म्हणून गेले. अण्णांनी तेही पाहिलं. तोंड धुतलं, छत्री उचलली आणि बाहेर पडले. वळकटी कोपऱ्यात तशीच बांधलेली होती. त्यांना गल्ल्या ठाऊक नव्हत्या म्हणून नवरा मागे गेला, आणि मला घरात बसवेना म्हणून त्याच्या मागे मी. इतक्या महिन्यांत त्या वेळेला मी पहिल्यांदाच नदीवर जात होते.

काठावर सगळी पणजी फिरत होती. नदीपलीकडे बेती गावाचे दिवे लागले होते. अण्णा पुढे, आम्ही चार पावलं मागे. नवरा माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. एवढं सगळं बघूनही हा माणूस गप्प का, या विचाराने मला आता रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात आमच्याकडे रोज येणारा एक कारकून बायकोला घेऊन समोरून आला, थांबला, आणि हसून मला म्हणाला, "फाल्यां कितें आसा गो?"

उद्या मी इथे असेन की गाडीत, मलाच माहीत नव्हतं.

अण्णा वळले. "काय म्हनालंय त्यो?"

"उद्या खायला काय हाय, असं इचारालाय," नवरा पुटपुटला.

अण्णांनी छत्री जमिनीवर टेकली आणि त्या हळू बोलणाऱ्या गावात, निपाणीच्या बाजारात मिरचीचा भाव सांगावा तसे ओरडले, "उद्या पुरनाची पोळी हाय! लई झ्याक! या चार वाजता, आनि घरच्यास्नी बी घिऊन या!"

काठावरची माणसं वळून बघायला लागली. कारकुनाने टोपी उचलली. हरभऱ्याची डाळ घरात होती, पण एवढ्या माणसांना ती पुरणार नव्हती. दुकानं उघडी होती. मी नवऱ्याला तिथूनच डाळ आणायला पिटाळलं.